बर्गे यांची बॅटरी

दिगंबर शेलारांच्या पवनचक्कीचं एक पातं पहिल्याच आठवड्यात उडालं आणि शेजारी, त्यांचे साडू अण्णा बर्गे यांच्या मेथीच्या वाफ्यात जाऊन उभं रुतलं. बर्गे तेव्हा त्याच वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला उकिडवे बसून मेथी खुडत होते. ते उठले. पात्याकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिगंबरराव, तुमचं काहीतरी पडलंय."

शेलार गच्चीवरून खाली आले, पातं उपटलं, खांद्यावर टाकलं आणि परत गेले. बर्गे वर्षानुवर्षं शिक्षण खात्यात शाळा तपासत हिंडले होते. समोरच्याची चूक शांतपणे दाखवायची त्यांची हातोटी होती आणि तीच शेलारांना सोसत नसे.

हे घडलं ते मरुत वसाहतीत. साताऱ्याकडच्या चौरमाथा पठारावर ही वसाहत होती. तिथं वारा असा, की झाडंसुद्धा एका बाजूला भांग पाडल्यासारखी वाढत. बाहेरून विजेची तार आणायची नाही, ज्यानं त्यानं आपली वीज वाऱ्यावर करायची, या अटीवर तिथले प्लॉट दिलेले. त्या काळात अशा वसाहतींची टूमच निघाली होती. सोडियमच्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या होत्या आणि भंगारात जुन्या ई-स्कूटरींचा खच पडला होता. त्या स्कूटरच्या चाकातल्या मोटारीला वीज दिली की चाक फिरतं. तेच चाक वाऱ्यानं फिरवलं की मोटार वीज देते. खांब, लाकडाची तीन पाती आणि एक भंगार चाक एवढ्यावर घर चालत असे.

कुमुद आणि प्रमिला या सख्ख्या बहिणींनी नवऱ्यांच्या निवृत्तीनंतर तिथला एक जोडबंगला घेतला. मधली भिंत एक, बोअर एक, घरं दोन. नवऱ्यांना त्यांनी विचारलं होतं, पण ते विचारणं म्हणजे कळवणंच होतं. अशा रीतीनं शेलार आणि बर्गे, जे लग्नकार्यात भेटले तरी एकमेकांना टाळून दुसऱ्या पंगतीला बसत, ते कायमचे शेजारी झाले.

पातं का उडालं, हे शेलारांना लगेच कळलं. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसच्या बॅटऱ्या आणि डायनामो दुरुस्त करण्यात गेली होती. बसमध्ये बॅटरी भरली की रेग्युलेटर डायनामोतलं चुंबक ढिलं करतो, कारण ते चुंबकच विजेवर चाललेलं असतं. चुंबक ढिलं पडलं की वीज कमी होते आणि व्होल्टेज जागेवर राहतं. स्कूटरच्या मोटारीतली चुंबकं मात्र कायमची. ती ढिली होत नाहीत. मग शेलारांनी सरळ मार्ग काढला होता: बॅटरी भरली की तारच तोडायची. एक रिले लावला आणि झोपले.

तिथंच घोळ झाला. चक्कीला वीज द्यावी लागते तोवर ती ओझं ओढणाऱ्या बैलासारखी दमानं चालते. तार तुटली की ओझं गेलं, आणि बैल मोकाट. पाती इतकी भन्नाट फिरतात की शेवटी सुटून जातात. म्हणजे बॅटरीही जास्त भरू द्यायची नाही आणि चक्कीचं ओझंही काढायचं नाही. जादा झालेली वीज कुठंतरी सतत खर्च करायलाच हवी. चक्की थांबवायचा ब्रेक होता, पण तो मंद वाऱ्यातच कामाचा. जोराच्या वाऱ्यात तो लावला तर मोटारच जळायची. पठारावर बहुतेक जण जादा विजेवर पिंपातलं पाणी तापवत. शेलारांनीही गच्चीत एक पिंप मांडून त्यात जाडजूड कॉइल सोडली.

पण नुसतं पाणी उकळत बसणं त्यांच्या जिवाला पटेना. त्याच सुमारास बाजारात एक नवी चिप आली होती आणि लोक तिच्यावर चालणाऱ्या रेग्युलेटरला शोधक म्हणत. ती घरातल्या प्रत्येक तारेवरून विजेचा एक बारीकसा ठोका सोडी आणि परत येणारा पडसाद ऐके. वैद्यानं नाडी धरून ओळखावं तसं तिला कळे, की या तारेच्या टोकाला मोटार आहे, त्या टोकाला तापणारी तार आहे, तिकडे रिकामी बॅटरी आहे. वाऱ्याचा झोत येण्याआधी पात्यांची थरथर बदलते, तीही तिला कळे. मग बॅटरीचं व्होल्टेज सत्तावन्नाच्या वर सरकायला लागलं की ती घरातली उपयोगाची कामं शोधून जादा वीज तिकडे लावी, आणि काहीच उरलं नाही तरच पाणी तापवी. अठ्ठावन्नाच्या वर मात्र कधी जाऊ देत नसे, कारण त्यापुढे सोडियमचे सेल फुगतात, आणि फुगलेला सेल फुटायला वेळ लागत नाही.

शेलारांनी ती चिप आणून रेग्युलेटर बांधला. तिला बोलायला आवाज द्यायचा होता. त्यांनी बसस्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या बाईंचा निवडला. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून गच्चीत भोंगाही बसवला. नवीन भार सापडला की ती त्याचं नाव विचारी आणि परवानगी मागे.

"कृपया इकडे लक्ष द्या," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "दोन अश्वशक्तीपेक्षा कमी मोटार सापडली आहे. नाव सांगावे."

"पिठाची गिरणी," शेलार अभिमानानं म्हणाले.

त्यानंतर कुमुदताईंचं घर वाऱ्यावर चालू लागलं. वारा सुटला की गिरणी सुरू. दळायला काही नसेल तर बाई विचारी, "गिरणी रिकामी आहे. धान्य घालावे." ऐन जेवणात कपड्यांचं मशिन भरायला उठावं लागे. वारा तीन दिवस टिकला तेव्हा घरातले सगळे कपडे, पडदे, गोधड्या धुऊन झाल्या आणि शेलार अंगातला बनियन काढू लागले.

"आता तेवढा राहू द्या," कुमुदताई म्हणाल्या. "घरात पीठ इतकं झालंय की शेजारणी मला बघून दार लावून घेतायत."

हे सगळं बर्गे भिंतीपलीकडून ऐकत होते. त्यांनीही आपली चक्की बांधली. पुस्तकं वाचून बांधली, त्यामुळे ती सांगायला फार चांगली होती. पाती प्लास्टिकच्या पायपातून कापलेली, खांब आखूड, आणि तोही पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, "म्हणजे वादळात सुरक्षित." शेलारांनी गच्चीवरून एकदाच त्या चक्कीकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "ती केसही वाळवायची नाही."

पण झालं उलटंच. पहिले काही दिवस बर्गेंच्या घरात दिवे पिवळट होते. मग एकाएकी त्यांची बॅटरी भरू लागली. भरली ती भरलीच राहू लागली. प्रमिलाताईंना कित्येक वर्षांपासून स्वतःचा छोटा तेलघाणा हवा होता. बर्गे "विजेचं बघू" म्हणत आले होते. आता विजेला तोटा नव्हता. मागच्या खोलीत घाणा बसला. शेंगदाणा तेलाचा वास वसाहतभर फिरू लागला आणि त्या वासामागून माणसं येऊ लागली. प्रमिलाताई दिवसभर कमरेला पदर खोचून घाण्यापाशी उभ्या, गालावर पेंडीची भुकटी, आणि चेहरा असा की कुमुदताई एकदा म्हणाल्या, "अक्का, तू लग्नात पण एवढी खुश नव्हतीस." प्रमिलाताई म्हणाल्या, "लग्नात घाणा कुठं होता."

तेल न्यायला येणाऱ्यांना बर्गे ओट्यावर बसवून चक्की समजावून सांगत. चक्की टाकीमागं का हवी, पाती पायपाचीच का. लोक ऐकून घेत, कारण दारातून आत घाणा चाललेला दिसत होता. दोन-तीन जणांनी आपले खांब काढून टाकीमागं नेलेसुद्धा, आणि मग वीज का येत नाही म्हणून बर्गेंनाच विचारायला आले. "श्रद्धा ठेवा," असं काही बर्गे म्हणाले नाहीत, पण "थोडा धीर धरा," म्हणाले.

इकडे शेलारांच्या गच्चीतलं पिंप गार पडलं होतं. वारा घोंघावत असला तरी कॉइल तापत नव्हती. शेलारांनी त्याचा एकच अर्थ काढला, की आपली चक्की कमजोर झाली. त्यांनी पाती उतरवून तासली. बेअरिंग बदललं. साठी ओलांडलेला माणूस कमरेला दोर बांधून खांबावर चढलेला पाहून कुमुदताई खालून देवाचं नाव घेत. भिंतीपलीकडून बर्गे म्हणत, "दिगंबरराव, खांब जरा आखूड करून बघा."

कॉइल तापत नाही म्हटल्यावर पिंपात पाणी भरायचंही राहून गेलं. उन्हानं आणि वाऱ्यानं ते हळूहळू कोरडं झालं. कोणी लक्ष दिलं नाही.

मग वसाहतीनं ठरवलं, की बर्गेंचा जाहीर सत्कार करायचा आणि 'पवनभूषण' म्हणून मानपत्र द्यायचं. प्रमुख पाहुण्या तालुक्याच्या कचेरीतल्या निंबाळकर मॅडम. कार्यक्रम बर्गेंच्याच अंगणात, आणि लाउडस्पीकर, दिवे, घाणा, सगळं त्यांच्याच बॅटरीवर. बर्गे बोलणार होते, 'व्होल्टेजचे नियमन: माझे प्रयोग' या विषयावर.

"आणि दिगंबरराव, आभार तुम्ही मानायचे," बर्गे कुंपणाशी येऊन म्हणाले. "घरचाच माणूस हवा."

शेलार त्या दिवशी जेवले नाहीत. गच्चीत रेग्युलेटरसमोर जाऊन बसले. आजवर त्यांनी यंत्राला कधी काही विचारलं नव्हतं. यंत्रानं आपल्याला विचारावं, हा त्यांचा शिरस्ता. पण आता मान खाली घालून त्यांनी विचारलं, "बाई, मी वीज कमी करतोय का?"

"नाही," बाई म्हणाली. "चक्की उत्तम चालू आहे."

"मग जादा वीज जाते कुठं?"

"घरातील कामे पूर्ण झाल्यावर जादा वीज बर्गे यांच्या बॅटरीस जाते."

शेलारांनी जिन्यात जाऊन खाली हाक मारली. कुमुदताई पोळपाट-लाटणं सोडून वर आल्या. बाईनं पुन्हा सगळं सांगितलं. बोअरच्या मोटारीला दोन्ही घरांतून तारा होत्या, कारण पाण्याची पाळी एक दिवसाआड असे. बर्गेंनी आपली बॅटरी त्या तारेला जोडली ती जोडलीच ठेवली होती. शोधक चिपनं ठोका सोडला आणि मोटारीपलीकडे तिला एक मोठी, रिकामी बॅटरी ऐकू आली.

"पण परवानगी कोणी दिली?" शेलारांनी विचारलं.

"कुमुदताई यांनी दिली."

कुमुदताई आठवू लागल्या. "थांबा. मी पोळ्या करत होते. ही म्हणाली, बोअरच्या तारेवर कोण आहे, नाव सांगा. त्या दिवशी पाण्याची पाळी त्यांची. मी म्हटलं, बर्गे. तर म्हणाली, देऊ का? मला वाटलं पाणी. म्हटलं, दे की. पाण्याला कोण नाही म्हणतं?"

शेलार उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता. "आता बघ. आभार मानायला उभा राहतो आणि सगळ्या वसाहतीसमोर सांगतो, पवनभूषण कोण ते."

"काही सांगायचं नाही," कुमुदताई म्हणाल्या.

"का?"

"दाजींचं जाऊ द्या. अक्का घाणा बंद करेल. दुसऱ्याच्या विजेवर ती एक दाणा भरडायची नाही, तुम्हाला माहीत आहे. तिच्या चेहऱ्याकडं बघितलंय का हल्ली? मला शब्द द्या, कोणापाशी बोलणार नाही."

शेलारांनी शब्द दिला. ते शब्दाला पक्के होते. त्यांनी कोणत्याही माणसाला काही सांगितलं नाही. सत्काराच्या दिवशी सकाळी फक्त यंत्राला सांगितलं, "आजपासून बर्गेंना द्यायची नाही."

"मनाई नोंदवली आहे," बाई म्हणाली.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. लोक आले, निंबाळकर मॅडम आल्या. घाणा अंगणात आणून सुरू केला, दिव्यांच्या माळा लावल्या. बर्गेंनी कोट घातला होता. शेलार पहिल्या रांगेत, बॅटरीचा आकडा दिसेल असे बसले. आकडा उतरत होता. टाकीमागची चक्की आळसावल्यासारखी वळत होती. शेलारांना इतकं बरं वाटत होतं, की त्यांनी शेजारच्या माणसाला स्वतःहून सुपारी दिली.

मानपत्र वाचून झालं. बर्गे बोलायला उठले. "वारा हा उनाड मुलासारखा असतो," ते म्हणाले. "त्याला शिस्त लावावी लागते." घाण्याचा आवाज जड झाला. माळा पिवळ्या पडल्या. बर्गेंचा आवाज लाउडस्पीकरमधून आधी घोगरा झाला, मग खोल विहिरीतून आल्यासारखा, मग आलाच नाही. ओठ मात्र हलत होते. शिस्तीबद्दलच काहीतरी चाललं होतं.

प्रमिलाताई घाण्यापाशी उभ्या होत्या. घाणा थांबला तेव्हा त्यांनी त्यावर हात ठेवला, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. शेलारांनी ते पाहिलं आणि तोंडातली सुपारी रुमालात काढली.

त्याच वेळी वारा वाढला. पठारावरचा वारा वाढतो तो विचारून वाढत नाही. शेलारांच्या घरात गिरणी सुरू झाली, कपड्यांचं मशिन सुरू झालं, दोन्हींनी भागेना. बाईनं कॉइल लावली. पिंपात पाण्याचा थेंब नव्हता. कॉइल आधी लाल झाली, मग पांढरी झाली, मग फट्‌कन आवाज होऊन तुटली. आता बॅटरी भरलेली, ओझं काही नाही, आणि वर पाती सूं करत सुटलेली. अंगणातल्या लोकांनी माना वर केल्या. पहिल्या रांगेतल्या काहींना मेथीच्या वाफ्याची हकीकत माहीत होती. ते उठून मागच्या रांगेत गेले.

आणि भोंगा वाजला.

"कृपया इकडे लक्ष द्या. शेलार यांची बॅटरी भरली आहे. पाण्याची कॉइल जळाली आहे. जादा वीज पाठवण्यास जागा नाही. बर्गे यांची बॅटरी रिकामी आहे. परंतु बर्गे यांना वीज देण्यास शेलार यांनी आज सकाळी मनाई केली आहे. मनाई उठवावी."

अंगणातले सगळे शेलारांकडे पाहत होते. कुमुदताई तर अशा पाहत होत्या, की त्यापेक्षा पातं अंगावर आलेलं परवडलं असतं.

"कृपया इकडे लक्ष द्या," बाई पुन्हा म्हणाली. एकदा पुकारून थांबणं तिच्या आवाजाला माहीतच नव्हतं.

शेलार उठले आणि गच्चीकडे तोंड करून ओरडले, "दे."

"कोणास द्यावी, नाव सांगावे."

"बर्गेंना दे."

"बर्गे यांना नेहमीप्रमाणे द्यावी काय?"

शेलारांनी डोळे मिटले. "हो. नेहमीप्रमाणे."

बर्गेंच्या घराकडे वीज गेली. पाती दमानं फिरू लागली. माळा लखलखल्या, घाणा गरगरला, आणि लाउडस्पीकर एकदम जागा झाला. बर्गे त्या वेळी माइकजवळ आलेल्या बायकोला वाकून हळू काहीतरी सांगत होते. ते सगळ्या पठाराला ऐकू गेलं.

"...आता तोंड कसं दाखवायचं, प्रमिला?"

कोणी हसलं नाही. निंबाळकर मॅडमच्या हातात शाल होती आणि ती कोणाच्या खांद्यावर घालायची हे त्यांना कळेना. त्यांनी एकदा बर्गेंकडे पाहिलं, एकदा शेलारांकडे. प्रमिलाताई पुढं झाल्या, शाल घेतली आणि मॅडमच्याच खांद्यावर घातली. "गारठा पडलाय, मॅडम. असू द्या तुमच्याच अंगावर."

सूत्रसंचालकानं घाईघाईनं आभारप्रदर्शन पुकारलं. शेलार माइकपाशी गेले. त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले, मांडववाल्याचे मानले. मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या साडूंचेही आभार. आज त्यांची बॅटरी रिकामी नसती, तर माझी चक्की तुमच्या डोक्यावर आली असती. माझी वीज त्यांच्याकडं जाते म्हणून माझी पाती जागेवर आहेत. हे मला आज कळलं. बाकी जे मी सकाळी केलं, ते करायला नको होतं." एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी चहा घेतला.

पुढचे काही दिवस भिंतीच्या दोन्ही बाजूंना शांतता होती. घाणा बंद होता. कुमुदताई नवऱ्याला जेवायला वाढत, पण "अजून हवंय का" विचारत नसत. चौरमाथ्यावर वारा मंद होता, तरी बाई रोज सांगे, "बर्गे यांची बॅटरी भरली आहे," पण ती वीज तिकडे कोणी वापरत नसे आणि शेलार चक्कीला ब्रेक लावत.

मग एका सकाळी बर्गे गच्चीत आले. कोट नव्हता, हातात काही नव्हतं. नवीन कॉइल बसवत असलेल्या शेलारांसमोर पायरीवर बसले.

"मला माहीत होतं," बर्गे म्हणाले.

"काय?"

"मी एकदा पाती रंगवायला खाली काढली होती. वर नुसता खांब. आणि खाली घाणा चालू. तेव्हाच कळलं, की हे कुठून तरी दुसरीकडून येतंय. दुसरीकडं म्हणजे तुम्हीच."

शेलारांनी पाना खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर प्रमिलानं घाणा बंद केला असता. आणि..." बर्गे थांबले. "थोडं असंही वाटलं, की माझंच असेल."

"नुसत्या खांबाचं?"

"माणसाला वाटतं, दिगंबरराव."

"मग सत्कार घ्यायला उभे का राहिलात?"

"नको म्हणायला गेलो असतो, तर का नको ते सांगावं लागलं असतं."

शेलारांना वाटलं, आपणही नेमकं असंच केलं असतं. त्यांनी साडूंकडे नीट पाहिलं. तपासनीस गेला होता आणि एक थकलेला, केस विस्कटलेला माणूस तिथं बसला होता.

"तुमचा रेग्युलेटर बघू चला," शेलार म्हणाले.

बर्गेंचा रेग्युलेटर पाहून त्यांच्या अंगावर काटा आला. त्याची मर्यादा बासष्ट व्होल्टला लावलेली होती.

"बासष्ट कुठून आणलं?"

"बॅटरीवर छापलेलं वाचता येत नव्हतं. मी बासष्टाव्या वर्षी तो बांधला, म्हटलं लक्षात राहील."

अठ्ठावन्नाला फुगणारे सेल. कधीतरी वारा फिरून टाकीच्या आडोशातून आत शिरला असता आणि बर्गेंची चक्की एक दिवस खरोखर चालली असती, तर मागची खोली घाण्यासकट उडाली असती. बोअरची तार दोन्ही घरांत होती म्हणून शेलारांची बाई इतके महिने बर्गेंच्या बॅटरीचंही व्होल्टेज बघत होती. तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण तिला कोणी विचारलं नव्हतं.

दोघांनी मिळून बर्गेंचा खांब टाकीमागून काढला. खाली दोघी बहिणी दोर धरून उभ्या होत्या, आणि दोघीही एकाच वेळी वेगवेगळ्या सूचना देत होत्या. खांब उंच केला. पायपाची पाती काढून सागाची बसवली. बासष्टाचे सत्तावन्न केले, म्हणजे त्यापुढची जादा वीज बोअरच्या तारेनं शेलारांकडे जाईल. बोअरच्या तारेत शेलारांनी एक फ्यूज घातला, म्हणजे मनात आलं तर घरं वेगळी करता येतील.

पहिला वारा आला तेव्हा बर्गे बॅटरीसमोर खुर्ची टाकून बसले होते. पाती वळली, फिरली, दिसेनाशी झाली. आकडा हलला.

"तुमचा फ्यूज काढा," बर्गे म्हणाले.

शेलारांनी काढला. आकडा चढतच राहिला. त्रेपन्न. चोपन्न. बर्गे पुढं वाकले.

"हे माझं ना?"

"तुमचं."

"नक्की?"

शेलारांनी मूठ उघडून काढलेला फ्यूज दाखवला. बर्गेंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. आकडा पुन्हा वाचला. मग आत तोंड करून म्हणाले, "प्रमिला, घाणा लाव. आपल्या विजेवर."

"शेंगदाणे संपलेत," आतून उत्तर आलं.

आकडा छप्पन्नावर गेला. वर पाती सूं करू लागली. घरात खर्चायला काही नव्हतं. शेलारांचा हात फ्यूजच्या खाचेपाशी गेला. बर्गेंनी तो धरला.

"जरा बघू द्या."

सत्तावन्न. दोघंही बघत होते. आकडा त्याच्या वर अगदी थोडा सरकला. मग बर्गेंनी साडूंचा हात सोडला.

"घाला आता."

शेलारांनी फ्यूज बसवला. गच्चीवर पिंपातलं पाणी गुणगुणायला लागलं आणि भोंगा बोलला, "कृपया इकडे लक्ष द्या. बर्गे यांच्याकडून शेलार यांना वीज येत आहे."

बर्गे उठून अंगणात आले. वर भोंग्याकडे पाहत उभे राहिले. वाऱ्यानं त्यांच्या लुंगीचा सोगा शेलारांच्या पायात अडकत होता, पण कोणी तो सोडवला नाही.

"ती नेहमी दोनदा सांगते ना?" बर्गेंनी विचारलं.

"सांगते."

"मग थांबतो," बर्गे म्हणाले.